एमबीबीएसचं पहिलं वर्ष: अभ्यास आणि परीक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी विचारतात, फक्त महिना बदलतो. उदाहरणं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमधल्या एमबीबीएसची आहेत. बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपीवाल्यांनी आधी प्र. १८ वाचावा. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पहिल्या वर्षी विषय कोणते आणि परीक्षा कशी असते?

विद्यापीठाच्या परीक्षेला तीन विषय: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. प्रत्येकाचे १०० मार्कांचे दोन पेपर, प्रत्येक पेपर तीन तासांचा. शिवाय १०० मार्कांचं प्रॅक्टिकल, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) त्यातच. एमसीक्यू असतात, पण थिअरीत त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या वर जात नाही. बाकी सगळं हाताने लिहायचं. कम्युनिटी मेडिसिन, एटकॉम (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) आणि अर्ली क्लिनिकल एक्स्पोजरचे (सुरुवातीपासून रुग्णांशी ओळख) तास असतात. त्यांची हजेरी आणि लॉगबुकच्या सह्या लागतात. 'त्याचा पेपर नाही ना' म्हणून ते तास बुडवणारे वर्षअखेरीस सह्यांसाठी डिपार्टमेंटच्या दारात उभे दिसतात.

२. रोज किती तास अभ्यास करायचा?

कॉलेज संपल्यावर पावणेतीन तास, रविवारी पाच-सहा. यापेक्षा जास्त आकडे ग्रुपवर ऐकू येतात, पण ते वर्षभर टिकवणारं कोणी फारसं भेटत नाही. संध्याकाळची विभागणी अशी ठेवा. पहिली १५ मिनिटं पुस्तक बंद ठेवून आज शिकवलेलं कोऱ्या कागदावर उतरवायचं. पुढचा दीड तास आजचाच विषय, कागदावर जिथे अडलात तिथून सुरुवात करून. मग ४० मिनिटं जुना धडा. शेवटची २० मिनिटं उद्याच्या डिसेक्शनचं किंवा प्रॅक्टिकलचं वाचन. ही शेवटची २० मिनिटं सगळ्यांत आधी गाळली जातात. नेमकी तीच गाळू नयेत. का ते प्र. ७ मध्ये.

३. नीटला चांगले मार्क होते, मग पहिल्याच टर्मला नापास कसा झालो?

नीटमध्ये १८० प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर समोर छापलेलं असतं, चार पर्यायांत. ओळखता आलं की काम झालं. इथे प्रश्नात 'पोर्टल व्हेन' एवढे दोन शब्द येतात आणि खाली कोरा कागद. लातूरला किंवा कोट्याला दोन वर्षं ओएमआरचे गोल भरल्यावर सलग अर्धं पान लिहायची सवय सुटलेली असते. बुद्धी आहे तशीच आहे, हात बसलेला नाही.

उपाय कंटाळवाणा आहे: आठवड्याला निदान तीन उत्तरं, प्रत्येक विषयाचं एक, घड्याळ लावून पेनाने लिहायची आणि कोणाला तरी तपासायला द्यायची. शिक्षक मोकळे नसतील तर दुसऱ्या वर्षातला सीनियर चालतो. स्वतःचं उत्तर स्वतः तपासलं तर मनात होतं ते कागदावर आहेच असं वाटतं. आकृती कशी, किती लिहायचं ते प्र. १२ मध्ये.

४. आज वाचलेलं तिसऱ्या दिवशी आठवत नाही. स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही. नुसतं वाचलेलं सगळ्यांचंच जातं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. फसगत होते ती इथेच. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतं अशी समजूत होते.

ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, घ्या. पुस्तक बंद करून पाच आडव्या रेघा मारा: सी ५, सी ६, सी ७, सी ८, टी १. वरच्या दोन जोडल्या की अपर ट्रंक, मधली एकटी मिडल, खालच्या दोन मिळून लोअर. प्रत्येक ट्रंकला पुढची आणि मागची अशी दोन डिव्हिजन. मागच्या तिन्ही एकत्र म्हणजे पोस्टेरिअर कॉर्ड. पुढच्यांपैकी वरच्या दोन मिळून लॅटरल, खालची एकटी मेडिअल. आता शाखा: लॅटरलच्या तीन, मेडिअलच्या पाच, पोस्टेरिअरच्या पाच. नाव आठवलं नाही तर जागा रिकामी ठेवा, पुस्तक उघडू नका. पूर्ण काढून झाल्यावरच उघडा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. हीच आकृती तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. लाल रंग दर खेपेला कमी होतो. चौथ्या खेपेलाही त्याच जागी लाल येत असेल तर तेवढाच भाग वेगळा घ्या. सगळं पुन्हा वाचत बसू नका.

५. जाड पुस्तक वाचायचं की परीक्षेपुरतं बारीक?

प्रत्येक विषयाचं एकच पुस्तक ठरवा आणि वर्षभर तेच वापरा. त्याच पानांवर समासात लिहा, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी डोळ्यांना ती पानं सवयीची असतील. जाड संदर्भग्रंथ समजत नसलेल्या मुद्द्यापुरता, लायब्ररीत बसून बघायचा. फक्त प्रश्नोत्तरांचं बारीक पुस्तक घेऊन वर्ष काढलं तर थिअरी कदाचित निघेल, व्हायव्हाला 'का' विचारलं की अडाल. फिजिऑलॉजीत तर हमखास.

सीनियरच्या नोट्स घ्या, पण आकडे ताडून बघा. एक नेहमीचा घोळ: जुन्या नोट्समध्ये क्रेब्ज सायकलच्या एका फेरीला १२ एटीपी आणि ग्लुकोजच्या एका रेणूला ३८ असतात. आताच्या पुस्तकांत १० आणि ३० किंवा ३२ आहेत, कारण एका एनएडीएचचे ३ ऐवजी २.५ आणि एफएडीएच-टूचे २ ऐवजी १.५ धरले जातात. उत्तराच्या अर्ध्या भागात जुना हिशोब आणि अर्ध्यात नवा झाला की मार्क जातात.

६. अँकीसारखं फ्लॅशकार्डचं ॲप वापरावं का?

सुट्या तथ्यांसाठी जरूर: नर्व्हची रूट व्हॅल्यू, एन्झाइमची कमतरता आणि त्यातून होणारा आजार, नॉर्मल व्हॅल्यू. संबंध आणि क्रम यांसाठी ते अपुरं आहे, तिथे प्र. ४ मधला कागदच लागतो. ॲपमध्ये रोज २० नवी कार्डं ही मुळातली सेटिंग असते, ती १० वर आणा. नवी कार्डं टाकताना काही वाटत नाही, महिन्याभराने उजळणीचा ढीग साचतो आणि मुलं ॲपच उडवतात. परदेशी विद्यार्थ्यांचा तयार डेक (कार्डांचा संच) उतरवू नका. तो वेगळ्या परीक्षेसाठी बनवलेला असतो. एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा.

७. डिसेक्शनला उभं राहून काहीच कळत नाही. दोन तास वाया जातात असं वाटतं.

न वाचता गेलात तर खरंच वाया जातात. फॅसिया (स्नायूंवरचं आवरण), नर्व्ह आणि छोटी शिर सुरुवातीला सारखीच दिसतात. आदल्या रात्री २० मिनिटांत तीनच गोष्टी बघून जा: छेद कुठून कुठे घ्यायचा, पहिल्यांदा काय दिसणार आणि आजच्या भागातल्या पाच रचना कोणत्या. टेबलावर त्या पाच बोटाने दाखवता आल्या की तास वसूल.

टेबलाभोवती पंधरावीस जण असले की पुढच्या चौघांनाच दिसतं. दर २० मिनिटांनी जागा बदलायचं आपापसांत ठरवा. एकाने वाचायचं, एकाने हत्यार धरायचं, बाकीच्यांनी नाव सांगून दाखवायचं. पार्ट कम्प्लिशनच्या (एक भाग संपल्यावरच्या चाचणीच्या) आधी शेजारच्या टेबलावरही जाऊन या. शिरांच्या शाखा प्रत्येक देहात थोड्या वेगळ्या असतात, आणि परीक्षेला तुमचं टेबल मिळेलच असं नाही.

हाडांचा सराव हाड हातात घेऊनच करा, चित्रावरून नाही. ठरलेला क्रम ठेवा: नाव, बाजू, बाजू कशावरून, मग शरीरात असतं तसं धरणं, मग खुणा आणि स्नायू. क्लॅव्हिकलचं उदाहरण: जाड टोक स्टर्नमकडे, चपटं टोक बाहेर ॲक्रोमिऑनकडे, आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगीर, सबक्लेव्हिअसची खाच खालच्या बाजूला. या तीन गोष्टी जुळल्या की बाजू ठरली. बहुतेकांचं चुकतं ते वरची आणि खालची बाजू उलटी धरल्याने, आणि मग डावं-उजवं आपोआप उलटतं.

८. डिसेक्शन हॉलमध्ये डोळे चुरचुरतात, पहिल्या दिवशी चक्कर आली. सवय होते का?

बहुतेकांना दोनेक आठवड्यांत होते. चुरचुर फॉर्मॅलिनमुळे होते: कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, ग्लोव्ह्ज घाला, पंख्याच्या किंवा खिडकीच्या बाजूला उभे राहा, मध्ये पाच मिनिटं बाहेर जाऊन या. उपाशीपोटी जाऊ नका. चक्कर येणाऱ्यांत नाश्ता टाळलेले बरेच असतात. दमा असेल तर पहिल्याच आठवड्यात डिपार्टमेंटला सांगा. एवढं मात्र लक्षात असू द्या की त्या टेबलावर कोणीतरी देहदान केलेलं आहे. तिथे फोन काढायचा नाही.

९. हिस्टॉलॉजीच्या सगळ्या स्लाइड गुलाबी दिसतात. ओळखायच्या कशा?

आधी कमी पॉवरवर, आणि एका ठरलेल्या प्रश्नाने सुरुवात: हे पोकळ आहे की भरीव? पोकळ असेल तर आतलं एपिथेलिअम कोणतं? भरीव असेल तर कॅप्सूल, कॉर्टेक्स, मेड्युला दिसतात का? मग वर जा. घाईने हाय पॉवर लावली की फक्त पेशी दिसतात, अवयव हरवतो.

गोंधळ ठरावीक जोड्यांत होतो, म्हणून स्लाइड जोडीने वाचा. ड्युओडेनममध्ये सबम्युकोसात ब्रुनर ग्रंथी, इलिअममध्ये पेयर्स पॅच, जेजुनममध्ये दोन्ही नाहीत. थायमसमध्ये हॅसल्स कॉर्पसल. स्प्लीनच्या व्हाइट पल्पमध्ये एका कडेला सरकलेली धमनी. लिम्फ नोडमध्ये कॅप्सूलखाली सायनस. टॉन्सिलला वरून स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस आणि आत उतरलेली क्रिप्ट. परीक्षेत नावासोबत ओळखीचे दोन मुद्दे लिहावे लागतात. नुसत्या नावाला पूर्ण मार्क मिळत नाहीत. जर्नलमधल्या आकृतीला हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची जांभळी-गुलाबी पेन्सिल वापरा, आणि स्लाइड बघत काढा. मित्राच्या जर्नलवरून काढलेली आकृती हात दुखवते, बाकी काही नाही.

१०. फिजिऑलॉजी ऐकताना समजते, लिहायला बसलं की दोन ओळींत संपते. आणि रक्ताची प्रॅक्टिकल दर वेळी चुकतात.

हे प्रश्न दोन आहेत. थिअरीचं दुखणं असं की समजलेलं सगळं एका वाक्यात मावतं. प्रत्येक यंत्रणा बाणांनी मांडा: रक्तदाब कमी झाला → कॅरॉटिड सायनसचा ताण कमी → नर्व्हमधले इम्पल्स कमी → व्हेसोमोटर सेंटरवरचा दाब सुटला → सिंपथेटिक वाढली → हृदयाची गती आणि वाहिन्यांचं आकुंचन वाढलं → दाब वर. प्रत्येक बाण म्हणजे उत्तरातलं एक वाक्य. मग ग्राफ, दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक लिहून. ग्राफ सुंदर काढून अक्ष रिकामे सोडणारे दरवर्षी असतात.

प्रॅक्टिकलचं म्हणाल तर चुका ठरलेल्या आहेत:

हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या पद्धतीत नळीत एन बाय टेन हायड्रोक्लोरिक ॲसिड सर्वांत खालच्या खुणेपर्यंत, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, मग १० मिनिटं थांबायचं. घाईत चौथ्या मिनिटाला पाणी घालायला घेतलं की ॲसिड हिमॅटिन पुरतं झालेलं नसतं आणि हिमोग्लोबिन कमी येतं. बोट दाबून रक्त काढलं की ऊतकातलं पाणी मिसळतं, तरीही कमी येतं. पिपेटच्या बाहेरचं रक्त पुसलं नाही तर जास्त. पाणी थेंबाथेंबाने घाला. रंग एकदा फिका झाला की मागे जायचा रस्ता नाही.

आरबीसी काउंटला लाल मण्याची पिपेट, रक्त ०.५ पर्यंत, हेयम्स फ्लुइड १०१ पर्यंत, म्हणजे १:२००. डब्ल्यूबीसीला पांढरा मणी, रक्त ०.५, टर्क्स फ्लुइड ११ पर्यंत, म्हणजे १:२०. चेंबर भरण्याआधी पहिले दोन-तीन थेंब टाकून द्या. दांड्यातल्या द्रवात रक्त नसतं. आरबीसी ८० छोट्या चौकोनांत मोजून १०,००० ने गुणा, डब्ल्यूबीसी चार कोपऱ्यांत मोजून ५० ने. ५० आणि १०,००० कुठून आले हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न. कोपऱ्यातल्या एका चौकोनाचं क्षेत्रफळ १ चौरस मिमी, खोली ०.१ मिमी, चार मिळून ०.४ घनमिमी, २० ला ०.४ ने भागलं की ५०. दुसरा आकडा त्याच रीतीने स्वतः काढून बघा.

११. बायोकेमिस्ट्री शेवटच्या महिन्यात होते असं सीनियर म्हणतात. खरं आहे का?

पास होण्यापुरतं कधीकधी होतं, आणि याच भरवशावर पुरवणी परीक्षेला बसणारेही असतात. मेटाबॉलिझमचे मार्ग शेवटच्या महिन्यात एकमेकांत मिसळतात. टर्म चालू असतानाच प्रत्येक मार्गाचं एक पान करा: पेशीत कुठे घडतो, सुरुवात आणि शेवट, वेग ठरवणारं एन्झाइम, ते कशाने वाढतं-घटतं, एटीपीचा हिशोब, बिघडल्यास आजार. मधली प्रत्येक पायरी पाठ करायची गरज प्रत्येक मार्गाला नसते. ग्लायकोलिसिस, क्रेब्ज आणि युरिया सायकलला असते.

प्रॅक्टिकलला युरिनमधली साखर बघायची बेनेडिक्ट टेस्ट सर्वांत जास्त बिघडते. रिएजंट ५ मिली, युरिन फक्त ८ थेंब, दोन मिनिटं उकळणं. युरिन जास्त घातलं की त्यातलं युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिनच रंग बदलतात आणि साखर नसताना हिरवं दिसतं. प्रोटीनच्या हीट टेस्टमध्ये नळीचा वरचाच भाग तापवायचा, म्हणजे खालच्या स्वच्छ भागाशी तुलना होते. गढूळपणा आला तरी ॲसिटिक ॲसिडचे थेंब घातल्याशिवाय प्रोटीन म्हणू नका, तो फॉस्फेटचा असेल तर विरघळतो.

१२. पेपरमध्ये वेळ पुरत नाही. किती लिहायचं?

१८० मिनिटांतली १५ वाचण्या-तपासण्याला ठेवली तर एका मार्काला साधारण १.६५ मिनिटं. म्हणजे १० मार्कांना १६, ५ मार्कांना ८. वेळ खातो पहिला आवडता प्रश्न; त्यावर अर्धा तास जातो आणि शेवटचे तीन शॉर्ट नोट्स दोन-दोन ओळींचे होतात. प्रश्नपत्रिकेत वेगवेगळे सेक्शन असतात आणि त्यांची उत्तरं सांगितलेल्या जागीच लिहायची असतात, हे आधीच्या परीक्षांत अंगवळणी पाडा.

पाच मार्कांची पोर्टल व्हेन अशी: कशी तयार होते (सुपिरिअर मेसेंटेरिक आणि स्प्लेनिक, पॅन्क्रिआसच्या मानेमागे), लांबी सुमारे ८ सेंमी, मार्ग आणि शेवट, मिळणाऱ्या शिरा, पोर्टोकेव्हल जोडांच्या तीन-चार जागा, आणि सिऱ्होसिसमध्ये तिथे काय होतं. सोबत पाव पान आकृती, पेन्सिलीने, नावं एकाच बाजूला आडव्या रेघांवर. शेवटचा, रुग्णाशी जोडणारा मुद्दा मुलं वेळ संपला म्हणून गाळतात. तो दोन ओळींत का होईना, लिहा.

'एन्युमरेट' म्हटलं असेल तर फक्त यादी. तिथे वर्णन केलं तर वेळ गेला, मार्क तेवढेच.

१३. मराठी माध्यमातून आलोय. व्हायव्हाला उत्तर येतं पण इंग्रजी फुटत नाही.

परीक्षकाला व्याकरणाशी घेणंदेणं नसतं. गप्प बसणाऱ्याला मात्र काय येतं ते कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो. अडचण बहुधा शब्दांची नसून तोंडाला नसलेल्या सवयीची असते, कारण वर्षभर अभ्यास मनातल्या मनात केलेला असतो. रोज दहा मिनिटं मोठ्याने बोला, शक्यतो हाड किंवा स्लाइड हातात धरून. सुरुवातीची वाक्यं ठरवून ठेवा: 'धिस इज द क्लॅव्हिकल ऑफ लेफ्ट साइड, बिकॉज…' यानंतर तीन कारणं. पहिलं वाक्य सुटलं की पुढची येतात. उच्चाराची शंका असलेले शब्द वर्गात सरांकडून ऐकताना तसेच देवनागरीत लिहून ठेवले तरी चालतं.

समजून घ्यायचं मराठीत, मांडायचं इंग्रजीत. रूममेटला आधी मराठीत समजावून सांगा, लगेच तेच इंग्रजीत. उत्तर येत नसेल तर 'सॉरी सर, आय डोन्ट नो' म्हणा. बरेच परीक्षक प्रश्न बदलतात. अंदाजाने ठोकलेलं उत्तर मात्र पुढचा प्रश्न तिथूनच काढायला लावतं.

१४. शेवटचे ४० दिवस कसे वाटायचे?

ॲनाटॉमीला १८, फिजिऑलॉजीला १२, बायोकेमिस्ट्रीला ८, आणि २ दिवस राखीव, कारण कोणीतरी आजारी पडतंच. ही दुसरी किंवा तिसरी उजळणी आहे असं धरून. मागच्या वर्षांचे प्रश्न यादीसाठी वापरा: कोणते प्रकरण कोणत्या रूपात विचारलं जातं ते कळतं. केवळ तेवढेच प्रश्न करणं हा जुगार आहे. नवा विषय शेवटच्या दहा दिवसांत उघडू नका, अपवाद एकच: पूर्ण सोडलेला पण छोटा आणि दरवर्षी येणारा भाग.

प्रॅक्टिकलसाठी थिअरीनंतर मिळणाऱ्या दिवसांवर विसंबू नका, ते कमी असतात. हाडं आणि स्लाइड थिअरीच्या तयारीतच रोज अर्धा तास.

१५. रात्रभर जागून केलेलं लक्षात राहतं का? चहा-कॉफी किती चालेल?

नवं शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, म्हणून जागरणाने वाचलेली पानं वाढतात आणि लक्षात राहिलेली कमी होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री किमान सहा तास. कॅफिनचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री दहाच्या कॉफीतलं अर्धं पहाटे तीनला रक्तात असतं. संध्याकाळी पाचनंतर नको.

१६. हजेरी, इंटर्नल आणि पासिंगचे नियम काय?

हजेरी थिअरीत ७५ आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के. दोन्ही वेगवेगळ्या मोजतात. एकीकडची जास्त दुसरीकडे वळवता येत नाही. इंटर्नलमध्ये ठरलेले किमान मार्क नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून टर्म आणि प्रिलिम 'फक्त कॉलेजची' समजू नका. अंतिम निकालातही थिअरी आणि प्रॅक्टिकल स्वतंत्रपणे बघितलं जातं.

पासिंगच्या टक्केवारीबाबत सीनियरचं ऐकू नका, तो खोटं बोलतो म्हणून नव्हे. त्याच्या बॅचचा नियम वेगळा असू शकतो. २०१९ च्या अभ्यासक्रमानंतर यात बदल झाले; २०२३ मध्ये दोन पेपरांच्या विषयांसाठीची अट ५० वरून ४० टक्क्यांवर आणली आणि त्याच वर्षी मागेही घेतली. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेलं परिपत्रक डिपार्टमेंटच्या फलकावर किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा.

१७. एका विषयात राहिलो तर वर्ष जातं का?

लगेच नाही. निकालानंतर पुरवणी परीक्षा होते आणि ती सुटली तर बॅच टिकते. तीही राहिली तर मागून येणाऱ्या बॅचबरोबर बसावं लागतं. पहिल्या वर्षासाठी एकूण चारच प्रयत्न मिळतात आणि पुरवणीही त्यांत मोजली जाते, त्यामुळे 'बसून तर बघू' म्हणून प्रयत्न खर्चू नका.

पुरवणीच्या तयारीत पहिलं काम म्हणजे थिअरीत राहिलात की प्रॅक्टिकलमध्ये, ते मार्कलिस्टवर बघणं. प्रॅक्टिकलमध्ये राहिलेला मुलगा खोलीत बसून पुस्तकच वाचत राहतो, असं फार वेळा दिसतं. त्याने डिपार्टमेंटमध्ये जाऊन हाडं, स्लाइड, पिपेट मागायला हवी. सुट्टीतही परवानगी मिळते, मागावी लागते.

१८. मी बीएएमएस / नर्सिंग / फिजिओथेरपीला आहे. हे मला लागू आहे का?

पद्धत लागू (प्र. २, ४, १२, १३), आकडे नाहीत. बीएएमएसचं पहिलं व्यावसायिक वर्ष १८ महिन्यांचं. रचना शारीर आणि क्रिया शारीरला वरचं बरंचसं चालेल, पण संहिता आणि पदार्थ विज्ञानाला श्लोक मुखोद्गत करणं भागच आहे. तिथे पाठांतराला नाकं मुरडू नका, फक्त श्लोक अन्वयासह लिहून काढा. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१ पासून सेमिस्टर पद्धत असल्याने ४० दिवसांचं गणित (प्र. १४) निम्म्यावर आणा. फिजिओथेरपीत हाडं-स्नायूंची ॲनाटॉमी एमबीबीएसइतकीच खोल विचारतात, कधी जास्तच.

१९. अभ्यासात मनच लागत नाही, सोडून घरी जावंसं वाटतं.

पहिले तीन महिने घरची ओढ बहुतेकांना असते. पण दोन आठवडे सलग झोप, भूक उडालेली असेल, तासांना जाणं थांबलं असेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल तर हा वेळापत्रकाचा प्रश्न नाही. कॉलेजच्या मेंटॉरशी किंवा सायकियाट्री ओपीडीत बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कारण रॅगिंग असेल तर राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

२०. शेवटच्या राउंडला प्रवेश मिळाला. वर्ग कधीच सुरू झालेत, आता कुठून धरू?

पहिल्या धड्यापासून सुरुवात करून सगळं गाठायचा हट्ट धरू नका. आज वर्गात जे चालू आहे तेच आज करा, नाहीतर दोन्ही मागे पडतं. बुडालेलं रविवारी, या क्रमाने: आधी अप्पर लिंब (बहुधा तेच संपलेलं असतं आणि पहिली पार्ट कम्प्लिशन त्यावरच असते), मग जनरल फिजिऑलॉजी आणि रक्त, मग बायोकेमिस्ट्रीतली एन्झाइम. बुडालेल्या डिसेक्शनसाठी प्रोसेक्टेड (आधीच छेद करून ठेवलेले) नमुने आणि म्युझियम वापरा, हॉलच्या अटेंडंटला विचारलं तर तो वेळ सांगतो. पहिल्याच दिवशी तिन्ही डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा: हजेरी कोणत्या तारखेपासून धरणार, झालेल्या चाचण्यांचं काय, आणि राहिलेल्या प्रॅक्टिकलची जर्नल-लॉगबुकमधली सही कशी मिळणार. मिळालेलं उत्तर तारखेसह जपून ठेवा.